हौसाबाईंचा तोल

"पट्टा उलटा बांधलाय का?" सौमित्रनं फोनवर विचारलं.

"नाही."

"मॅडम, एकदा बघून घ्या ना. बाण वरच्या बाजूला हवा."

"बाण वरच आहे."

"मग रिस्टार्ट करून बघता का?"

मी फोन कानापासून लांब धरला आणि भिंतीकडे पाहून एक मोठा श्वास घेतला. सकाळपासून ते यंत्र मी किती वेळा बंद करून चालू केलं होतं, याचा हिशेब सोडून दिला होता. समोर फोमच्या जाड गादीवर हौसाबाई खोत दोन्ही हातांनी आडवा दांडा गच्च धरून उभ्या होत्या. कमरेला पट्टा, दोन्ही नडग्यांना पट्टे, आणि चेहरा असा की जणू मी त्यांना विहिरीच्या काठावर उभं केलंय.

"बाई, सोडू का आता?" त्यांनी विचारलं.

"सोडू नका. म्हणजे दांडा सोडा. पण गादी सोडू नका."

त्यांनी दांडा सोडला. स्क्रीनवरचा पिवळा ठिपका हिरव्या गोलातून बाहेर पळाला, यंत्र किंचाळलं, आणि हौसाबाईंनी पुन्हा दांडा धरला.

"न्हाई जमत बघा," त्या म्हणाल्या.

याला आता बारा-तेरा वर्षं झाली. मी तेव्हा मिरजेतल्या एका खासगी फिजिओथेरपी केंद्रात नोकरीला होते. पुण्याच्या एका छोट्या कंपनीनं हे पट्टे बनवले होते आणि ते खऱ्या रुग्णांवर वापरून बघायचं काम आमच्याकडे दिलं होतं. सौमित्र त्या कंपनीतला तरुण इंजिनियर. काडेपेटीएवढा सेन्सर पट्ट्यात बसवलेला असायचा. माणूस जरा जरी कलला, तरी स्क्रीनवरचा ठिपका त्याच बाजूला सरकायचा. ठिपका गोलात ठेवायचा, एवढाच खेळ. गुडघ्याची झीज झालेल्या माणसाचा नुसता सांधा दुखत नाही, त्याचा स्वतःच्या पायावरचा भरवसाही जातो. पडण्याच्या भीतीनं तो चालायचं कमी करतो, चालणं कमी झालं की स्नायू ढिले पडतात, मग तो खरंच पडतो. ठिपका डोळ्यांसमोर असला की शरीर स्वतःला सावरायला शिकतं, असा आमचा अंदाज होता. आणि तो बरोबरही निघत होता. गटातले सगळे जण हळूहळू सुधारत होते. एक निवृत्त पोस्टमास्तर तर गादीवर एका पायावर उभे राहून मला गावातल्या बातम्या सांगायचे.

फक्त हौसाबाई सुधारत नव्हत्या. उलट दर आठवड्याला बिघडत होत्या.

त्या जत तालुक्यातल्या एका गावच्या. साठीच्या आसपासच्या. गोठ्यात घसरून पडल्या, गुडघा सुजला, तेव्हा मिरजेत राहणारी त्यांची मुलगी रंजना त्यांना उपचारासाठी आपल्या घरी घेऊन आली होती. रंजना एका शाळेच्या कार्यालयात कामाला होती. सकाळी आईला माझ्याकडे सोडायची आणि तशीच पुढं जायची. जाताना दारातून विचारायची, "काही फरक?" आणि मी खोटं हसून म्हणायची, "वेळ लागतो."

तो पट्टा आणि हौसाबाईंचं नऊवारी लुगडं यांचं मुळीच जमायचं नाही. नडगीचा पट्टा आवळला की त्याची वेल्क्रोची चिकटपट्टी लुगड्याचा काठ धरून ठेवायची, सोडवताना दोरे निघायचे, आणि हौसाबाई त्या दोऱ्यांकडे बघून सुस्कारा टाकायच्या. त्या कधी भांडत नसत. वेळ चुकवत नसत. सांगितलेलं सगळं करत. आणि तरी काहीच होत नसे. मला भांडणारे रुग्ण परवडतात, कारण त्यांच्याशी भांडता येतं.

"मॅडम, त्यांना काढून टाकूया का?" एक दिवस सौमित्र म्हणाला. "सगळ्यांच्या रेषा वर जातायत. या एकट्या बाईंमुळे सरासरी बिघडते."

"पेशंट आहे ती. नासका आंबा नाही, बाजूला काढायला."

"तसं नाही हो. पण काही जणांना हा उपचार लागूच पडत नसेल."

त्याचं म्हणणं चुकीचं नव्हतं. पण मी हट्टाला पेटले होते. त्या वयात मला वाटायचं, माझ्या हाताखालून कुणी बरं न होता जाणं म्हणजे माझा अपमान. मी त्यांच्या मांडीचे स्नायू तपासले होते, ते चांगले होते. गुडघ्याचा एक्स-रे पोस्टमास्तरांपेक्षा बरा होता. मग ही बाई डगमगतेय कशानं? कानाचा दोष नाही, डोळ्यांचा नाही, साखर नाही. मी त्यांना हरतऱ्हेनं समजावलं. ओरडले. लाडीगोडी लावली. एकदा तर स्वतः गादीवर चढून दाखवलं, तेव्हा त्या कौतुकानं म्हणाल्या, "तुमाला छान जमतंय की."

शेवटी मी सौमित्रकडून घरी वापरायचा पट्टा मागवला. स्क्रीन नाही, आवाज नाही, नुसता दिवसभर कमरेला बांधून ठेवायचा. चालताना, उठता-बसताना माणूस किती कलतो ते त्यात साठायचं, आणि मी ते काढून पुण्याला पाठवायची. हौसाबाईंना सांगितलं, हा बांधून घरात हिंडा-फिरा, बाकी काही करू नका.

"ह्यो बोलत न्हाई?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"मग बरं हाय."

आठवड्यानं सौमित्रचा फोन आला. तो हसत होता.

"मॅडम, घरात कुणी तरुण मुलगी आहे का? नात वगैरे?"

"का?"

"हा पट्टा हौसाबाईंनी बांधलेलाच नाहीये. कुणीतरी मस्त जिने चढतंय, उतरतंय, एका पायावर थांबतंय. आपल्या गटात एवढा चांगला तोल कुणाचाच नाही."

रंजनाला मूलबाळ नव्हतं. नवरा एसटीत कंडक्टर, त्याचं पोट माझ्या टेबलाएवढं. मी फोन ठेवला आणि तशीच स्कूटर काढली. दुपारची सुट्टी होती. उन्हानं डोकं तापलं होतं, त्यापेक्षा आतून जास्त तापलं होतं. महिनोन्महिने मी या बाईसाठी पुण्याच्या लोकांशी वाद घालत होते, आणि हिनं पट्टा शेजारणीच्या पोरीला बांधला होता!

घराचं दार उघडं होतं. आत कुणी नव्हतं. बाजूनं गच्चीवर जायला अरुंद जिना होता. त्याला कठडा नव्हता. मी हाक मारणार एवढ्यात वरून पावलं वाजली.

हौसाबाई जिना उतरत होत्या. कडेवर वाळलेल्या मिरच्यांनी भरलेलं मोठं सूप, दुसऱ्या हातात गुंडाळलेली चटई. हात भिंतीला नाही, नजर पायाकडे नाही. मधल्या वळणावर एक लाकडी खोकं आडवं आलं होतं. त्या थांबल्या, एका पायावर उभ्या राहिल्या, दुसऱ्या पायानं खोकं हळूच बाजूला सरकवलं, आणि खाली आल्या. सुपातली एक मिरची पडली नाही. कमरेला पट्टा होता, बाण वरच्या बाजूला.

शेवटच्या पायरीवर त्यांना मी दिसले.

"अगं बया," त्या म्हणाल्या.

"हौसाबाई!" माझा आवाज इतका चढला की शेजारच्या घरातून कुणीतरी डोकावलं. "माझ्यासमोर दोन पायांवर उभं राहता येत नाही तुम्हाला? आणि इथं सर्कस चाललीय?"

"आत या. वरडू नका. आत या आधी."

आत गेले. त्यांनी सूप खाली ठेवलं, मला पाट दिला, पाणी दिलं. मी पाणी प्यायले नाही.

"दुखत नाही का तुमचा गुडघा?"

"दुखतोय की. रोज दुखतोय. ते खोटं न्हाई."

"मग खोटं काय?"

त्या माझ्यासमोर खाली बसल्या. बसताना तोंड वेडंवाकडं झालं. दुखणं खरं होतं.

"मी बरी झाले म्हंजे मालक न्यायला येनार," त्या म्हणाल्या. "तेंनी सांगूनच धाडलंय. पाय बरा झाला की कळवा, न्यायला येतो."

"मग जा की. तुमचंच घर आहे ना?"

"माझंच हाय. सकाळी चुलीपुढं बसले की दोन ल्योक, दोन सुना, मालक, नातवंडं, गडी, समद्यांच्या भाकरी. मग गोठा. मग परत भाकरी. सुना रानात जात्यात, तेंना तरी काय म्हनू?" त्यांनी गुडघ्यावर हात फिरवला. "हितं रंजी मला ताटावर बसवती. तव्यावरनं काढून भाकरी वाढती. गरम. मी लगीन होऊन गेले तवापासनं दुसऱ्यानं करून दिलेली गरम भाकरी खाल्ली नव्हती बाई. समदी जेवून उठली की माझी पाळी. तवर गार."

 हे ऐकून मी अजूनच चिडले.

"मग हे मला का नाही सांगितलंत?"

"तुमाला कसं सांगू? तुमी बरं करनार. तेच तर नगं व्हतं."

"पण मी काय मूर्ख आहे का? रोज तुम्ही डुलताय, मी यंत्र बंद करतेय, चालू करतेय. पुण्याचा तो पोरगा मला बाण वर आहे का विचारतोय!"

त्यांना हसू आलं. तोंडाला पदर लावून त्या हसल्या.

"तुमचं यंत्र लई खरं हाय," त्या म्हणाल्या. "मुद्दाम डुलायला बी लई तोल लागतोय. घरी आले की पाठ मोडून येती."

मी काहीही कबूल न करता उठले. दारात त्यांनी विचारलं, "मालकास्नी सांगनार का?"

"माहीत नाही," मी म्हणाले, आणि तेच खरं होतं.

पुढच्या सोमवारी सकाळी शामराव खोत स्वतः आले. रंजनानं घाबरीघुबरी होऊन मला बाजूला घेऊन सांगितलं, "वडील न्यायला आलेत. पेरण्या तोंडावर आल्यात म्हणतात." उंच माणूस, पांढरं पैरण-धोतर, टोपी, हातात कापडी पिशवी. भारदस्त पण गुर्मी नाही. मला पाहून उठून उभे राहिले. मी मनातल्या मनात एक राक्षस तयार ठेवला होता, आणि समोर हा माणूस पिशवीतून मला द्यायला शेवग्याच्या शेंगा काढत होता. त्यानं माझी आणखीच पंचाईत झाली.

"आमच्या मंडळींचा काय म्हंतोय पाय?" त्यांनी विचारलं.

हौसाबाई गादीवर होत्या. पट्टे बांधलेले. दांडा धरलेला. त्यांनी माझ्याकडे पाहिलंच नाही. खाली बघत नेमानं डुलायला लागल्या. ठिपका गोलाबाहेर गेला, यंत्र किंचाळलं.

मी आदला आठवडाभर ठरवत होते की खरं सांगायचं. मी फिजिओ आहे, घरातली भांडणं सोडवणं माझं काम नाही. आणि तोंड उघडलं तर वेगळंच बाहेर आलं.

"अजून तोल आलेला नाही. बघताय ना? पडल्या तर हाड मोडेल. अजून तीन महिने तरी इथंच लागतील."

मी इतकी सहज खोटं बोलले की मलाच नवल वाटलं. हौसाबाईंचं डुलणं क्षणभर थांबलं आणि पुन्हा सुरू झालं. रंजनानं श्वास सोडला.

शामरावांनी स्क्रीनकडे बराच वेळ पाहिलं. मान हलवली.

"एवढं दीस झालं, हितं बी फरक पडंना म्हंजे आता ह्ये असंच ऱ्हानार," ते म्हणाले. "असू द्या. तुमी लई केलंसा बाई. उद्या न्हेतो तिला."

"अहो, पण पडतील त्या!"

"पडंल कशी? हुबं ऱ्हायला कुनी सांगितलंय? बसून भाकरी थापायला तोल कशाला लागतोय? पानी सुना भरत्याल. मी खाट चुलीपाशी आनून टाकतो. दिवसभर बसून ऱ्हायची."

हे त्यांनी अगदी मायेनं सांगितलं. खाटेचं बोलताना तर चेहऱ्यावर समाधान होतं, की बायकोची सोय केली.

यंत्र किंचाळायचं थांबलं.

मी वळून पाहिलं. हौसाबाईंनी दांडा सोडला होता. हात दोन्ही बाजूंना मोकळे. पिवळा ठिपका सरकत सरकत गोलाच्या मधोमध आला आणि तिथंच थांबला. मग त्यांनी डावा पाय उचलला. सगळा भार दुखऱ्या उजव्या गुडघ्यावर. कपाळावर आठी आली, ओठ घट्ट मिटले, पण ठिपका जागचा हलला नाही. यंत्राच्या पोटात कुणा पुण्याच्या मुलीचा आवाज भरून ठेवला होता. तो या बाईसाठी आजवर कधी वाजला नव्हता. आता वाजला. "छान! असेच उभे राहा!"

"बघा," हौसाबाई नवऱ्याला म्हणाल्या. "मी बरी हाय. कवाच बरी हाय."

शामराव स्क्रीनकडे, मग त्यांच्या पायाकडे, मग माझ्याकडे बघायला लागले.

"बाई, तुमी तर आत्ता म्हनलासा…"

मला त्या क्षणी हौसाबाईंचा असा राग आला म्हणून सांगू! मी यांच्यासाठी तोंडावर खोटं बोलले, आणि यांनी एका पायावर उभं राहून मला खोटं पाडलं. निदान मी बाहेर जाईपर्यंत तरी थांबायचं!

"तेंना काय इचारू नका," हौसाबाईंनी पाय खाली टेकला. "मी सांगते. लंगडी हाय म्हनून ऱ्हाते, असं मी म्हनत व्हते. ते चुकलं माझं. लंगडी झाले तरी तुमी न्हेनारच. मग लंगडी कशाला व्हायचं?"

"मग बरी हाईस तर चल की!"

"न्हाई. बरी हाय, आन येत न्हाई."

"म्हंजे कायमची?"

"आत्ता येत न्हाई. पुढचं पुढं."

"आन जेवनाचं?"

त्यांनी हे अगदी खरेपणानं विचारलं. बाकी सगळ्या प्रश्नांआधी हाच त्यांच्या मनात आला होता, आणि तो लपवावा असं त्यांना वाटलंही नाही.

"मी हितं हाय तवापासनं उपाशी बसलायसा व्हय?"

शामरावांनी टोपी सारखी केली.

"लोकं काय म्हंत्याल?" ते म्हणाले. "लेकीच्या दारात ऱ्हाती म्हंत्याल."

"आई माझ्याकडे राहील," रंजना पहिल्यांदाच बोलली. "माझं आणि ह्यांचं बोलणं झालंय. लोकांना मी बघते."

शामरावांनी शेंगा टेबलावर ठेवल्या, पिशवीची घडी केली आणि बाहेर पडले. आमच्या केंद्राला बाहेर चार-पाच पायऱ्या होत्या. दारातून मला ते दिसत होते. पहिल्या पायरीवर ते थांबले. आजूबाजूला कुणी बघतंय का ते पाहिलं, मग आडवे वळले, भिंतीला हात लावला आणि एक पाय खाली, मग दुसरा त्याच्याशेजारी, असं करत लहान मुलासारखे उतरले. खाली पोचल्यावर पुन्हा ताठ झाले.

"तेंचा डावा," हौसाबाई माझ्या मागून म्हणाल्या. पट्टे अजून अंगावरच होते. "माझ्याआधीपासनं दुखतोय."

"मग दाखवला का नाही कुणाला?"

"गड्यानं कुठं दाखवायचं? घरात दुखायचं काम माझं व्हतं."

मी कपाळाला हात लावला. "तुम्ही दोघं मिळून मला वेड लावणार आहात."

मी पायऱ्या उतरून हाका मारल्या. "शामराव, थांबा! गुडघा बघते तुमचा!" त्यांनी ऐकलं, हे नक्की, कारण ते जास्तच भरभर चालायला लागले. भरभर चालताना लंगडत होते.

सौमित्रनं त्या दिवसाची नोंद पाहून संध्याकाळी फोन केला. "मॅडम, एका मिनिटात कुणी बरं होत नसतं. सेन्सर बिघडलाय." मी त्याला समजवायचा प्रयत्न केला. सांगत सांगत हौसाबाईंच्या चुलीपर्यंत पोचले आणि सोडून दिलं. त्यानं नवा पट्टा पाठवला, आणि हौसाबाईंची सगळी माहिती 'सदोष उपकरण' म्हणून बाजूला काढली. बाकीच्यांचे निष्कर्ष उत्तम आले. पुढं सौमित्र ते कुठल्याशा परिषदेत मांडून आला, तिथल्या जेवणाचं त्यानं फार कौतुक केलं.

हौसाबाई त्या पावसाळ्यात गावी गेल्या नाहीत. माझ्याकडे मात्र येत राहिल्या, कारण आता त्यांना खरंच शिकायचं होतं. शिकायला लागल्यावर भांडायलाही लागल्या. पट्टा घट्ट झाला, आवाज कमी करा, ही पोरगी यंत्रात बसून सारखी छान छान काय म्हणते. लुगड्याच्या काठावरून तर त्यांनी मला असं फैलावर घेतलं की मी चिकटपट्टीच्या कडेनं फडकं शिवून आणलं.

श्रावण संपता संपता शामराव दारात उभे राहिले.

"हिला भेटाय आलो न्हाई," ते आधीच म्हणाले. "गुडघा दाखवाय आलोय."

हौसाबाई खुर्चीत बसल्या होत्या. 

मी शामरावांना तपासलं. झीज त्यांचीच जास्त होती. गादीवर चढवून पट्टे बांधले, तर ठिपका असा धावला की स्क्रीनच्या बाहेर गेला. त्यांनी यंत्राला शिव्या दिल्या, मला विचारलं की हे सरळ लावलंय का, पुन्हा शिव्या दिल्या. घामाघूम झाले. मी त्यांना जरा थांबवलं. दांड्याला टेकून ते उभे राहिले आणि समोर भिंतीकडे बघत, जणू भिंतीलाच विचारतायत अशा आवाजात म्हणाले, "दिवाळीला येतीस का?"

"येते की. चार दीस."

"आन मग?"

"मग परत हितं."

"आठ दीस ऱ्हा."

"कुनाच्या हातचं जेवायचं त्या आठ दिसांत?"

शामरावांनी बराच विचार केला. बाहेर माझे पुढचे दोन रुग्ण ताटकळले होते, त्यातले एक पोस्टमास्तर, आणि ते कान देऊन ऐकत होते. मला या नवरा-बायकोला दोघांनाही उचलून रस्त्यावर ठेवावंसं वाटत होतं.

"सुनांस्नी सांगतो," शामराव शेवटी म्हणाले. "भाकरी बडवायची न्हाई तुला. बसायचं आन खायचं. समद्यांच्या बरूबर."

"बघू," हौसाबाई म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या. "बाई, तेंचा पट्टा काढा. जतची यष्टी चुकंल तेंची."